तोच विळा

“राबणाऱ्याला वाढल्याबिगर घास घ्यायचा न्हाई, सरू.” सासूबाईंचा हा शब्द सरूबाई वीस वर्षं पाळत होती. गावातल्या तापट खंडूनं विळ्याच्या वारानं तिच्या नवऱ्याचा उजवा हात निकामी केला, तेव्हा चावडीवर गाव खवळलं. “इंग्रजाच्या तुरुंगात दोनदा खडी फोडून आला, तरी तिसरा वार! आता त्याचा हातच मोडा.” काय शिक्षा द्यावी, पाटलांनी सरूबाईला विचारलं. ती हळूच म्हणाली, “मोडका हात आमच्या घरी एक हाय, आबा. त्याचा ऱ्हाऊ द्या. धन्याच्या जागी त्यानं आमचं भात कापावं, दरसाल.” “आन् त्याच्या हातात विळा कोण देणार, मावशी?” कुणीतरी हसलं. “मी देते.” दुसऱ्या सकाळी तिनं चावडीवरून आणलेला तोच विळा धुतला, भाकरी फडक्यात बांधल्या. अंथरुणावरून नवरा म्हणाला, “त्याला आधी जेवाया घालणार? माझ्या हाताचं काय?” सरूबाईनं विळा कमरेला खोचला. उपाशीच ती खाचराकडे निघाली.