खरी कॉफी

"येतील वहिनी, येतील. जरा मागे सरका, माणसं बघून बिचकतात," चंद्रहास म्हणाला आणि आधी स्वतःच मागे सरकला.

वाळूवर स्टीलचं ताट, ताटात केळीचं पान, पानावर भाताचे पिंड. मोरेश्वरांना जाऊन आज दहावा दिवस. या देशात कावळा आणायचा कुठून? पुण्याच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, तिथला कुठलाही पक्षी चालेल. पोरिरुआच्या किनाऱ्यावर सीगलना काय तोटा! हातातले चिप्स पळवणारी जात ती. पार्किंगमध्ये एक कुटुंब गाडीत बसून फिश अँड चिप्स खात होतं, तिथे बॉनेटवर नुसती झुंबड उडाली होती. इकडे मात्र एक मेला फिरकत नव्हता.

चंद्रहास खरं तर दातांचा डॉक्टर. मोरेश्वरांचा दोस्त, आणि ओळखीत मंत्र येणारा तेवढा एकच, म्हणून बिचारा जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या थंडीत धोतर नेसून आला होता. वर जाड जॅकेट.

"काहीतरी इच्छा राहिली असणार," तो म्हणाला. "बोला त्याच्याशी. शब्द द्या."

सुखदा पुढे झाली. एकुलती एक मुलगी. "बाबा, मी आईला एकटं नाही सोडणार. आय प्रॉमिस."

वारा तेवढा आला.

"मोरेश्वरा, पोरीच्या लग्नाची काळजी सोड, मी आहे," चंद्रहास म्हणाला. सुखदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मंत्राकडे वळला.

मोरेश्वरांची बायको अनुराधा पिंडांकडे बघत उभी होती. गेले दहा दिवस सकाळी ती सवयीने कॉफी उकळायची, आणि मागून अगदी स्पष्ट "वा!" ऐकू यायचं. वळून पाहावं तर स्वयंपाकघर रिकामं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून गेला आणि आता हिला भास होतात म्हणून?

"मला माहितीये काय राहिलंय," ती म्हणाली आणि तरातरा पार्किंगमधल्या कॉफीच्या गाडीकडे निघाली.

परत आली ती हातात कागदी पेला घेऊन. वाफ निघत होती. ताटासमोर ती वाळूत गुडघे टेकून बसली.

"घ्या. खरी आहे ही," ती म्हणाली. "तीन वर्षं मी तुम्हाला डीकॅफ पाजली हो, कॅफीन काढलेली. त्याच जुन्या बरणीत भरून ठेवायचे. चव कळू नये म्हणून जायफळ जास्त किसायचे. डॉक्टर म्हणाले, कॉफी बंद, नाहीतर हृदयाचं काही खरं नाही. आणि तुम्ही म्हणालात, कॉफी सोडण्यापेक्षा मरेन. मी काय करणार होते? तुम्ही खिडकीशी बसून पहिला घोट घ्यायचात, डोळे मिटून 'वा' म्हणायचात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. झालं माझं सांगून. आता घ्या."

तिने कॉफी पिंडावर ओतली. भात तपकिरी झाला.

एक सीगल खरंच उतरला. ताटाभोवती फिरला. मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं, मग अनुराधाकडे पाहिलं, आणि उडून गेला.

"आई," सुखदा हळूच म्हणाली. "बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डीकॅफचं. पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. मी ऑफिसला सोडायचे ना त्यांना, तेव्हा वाटेत ते रोज खरी कडक कॉफी घ्यायचे, फ्लॅट व्हाइट. डबल शॉट. मी नको म्हणायचे, पण ऐकतायत कुठे! सॉरी, आई."

अनुराधा तिच्याकडे बघतच राहिली. रागावण्याचं त्राणही तिच्यात नव्हतं.

"मग घरी 'वा' कशाला म्हणायचे?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, तुझी आई इतकं मन लावून फसवते, तिचा विरस कशाला करायचा?"

अनुराधाला हसू आलं आणि तेवढ्यातच रडूही आलं. म्हणजे कॉफीत जीव अडकला नव्हता. पोरीची काळजी नव्हती, पोरगी खमकी होती. घराचं कर्ज कधीच फिटलं होतं. मग हा माणूस थांबला होता तरी कशासाठी?

चंद्रहासने पिशवीतून दर्भ काढला होता. गारठलेल्या बोटांनी तो काड्या वळत होता. "वहिनी, हरकत नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू. शास्त्रात सोय आहे. म्हणजे तो मोकळा झाला."

"नको," अनुराधा म्हणाली.

"अहो, असं कसं? उन्हं उतरायच्या आत उरकायला हवं."

"त्यांना जायचंच नाहीये, भावजी. तुम्ही कशाला ढकलताय?"

तिने ताट उचललं. कडेची वाळू बोटाने झटकली.

"वहिनी, पिंड घरी नेत नाहीत!" चंद्रहास ओरडलाच. "सुखदा, सांग आईला काहीतरी!"

सुखदाने जाऊन गाडीचं दार उघडून धरलं.

अनुराधा दोन्ही हातांत ताट धरून वाळूतून सावकाश चालत आली. दाराशी थांबून तिने शालीचं टोक ओढून ताटावर नीट पांघरलं.

"अहो, केवढा गार वारा आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "चला घरी."