स्वस्त बिअरची तक्रार

मॅसॅच्युसेट्समध्ये संध्याकाळी घटकाभर बिअर स्वस्तात विकायला कायद्याने बंदी. अँसेल्मोच्या बंदरावरच्या बारमध्ये तसं चालतं, अशी निनावी तक्रार आली की तपासणीला सरकारी निरीक्षक लॉरेनबाई यायच्या. दर तपासायच्या, वाफाळती कालवं खायच्या, खळखळून हसायच्या आणि 'सगळं नियमात' असा शेरा मारून जायच्या.

आज त्यांना दारात पाहताच विधुर अँसेल्मोने घाईघाईने केसांवरून हात फिरवला.

"परत तक्रार?"

"पाचवी! कोण हो एवढं तुमच्या वाईटावर टपलंय?" नवा निळा स्कार्फ सारखा करत लॉरेनबाईंनी नजर चुकवली.

"असेल कुणीतरी मेला रिकामटेकडा," तो पुटपुटला. मग 'पाचवी' हा शब्द डोक्यात शिरला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.



त्याने स्वतः तर दोनच पाठवल्या होत्या.