कोपऱ्यातला फुगा

पडद्यावरच्या माइंड मॅपमधला एकच फुगा कोपऱ्यात सुटा राहिला होता, आणि त्यात 'काका' एवढंच लिहिलेलं होतं.

बाकी सगळी नावं मार्गी लागली होती. मध्ये 'नवं रुग्णालय' असा मोठा फुगा, त्याला फुटलेल्या फांद्या: वीज, नळ, ऑक्सिजन, लिफ्ट, खरेदी, परवानग्या. माऊस हातात घेतलेली छोटी एकेक नाव कोपऱ्यातून उचलून फांदीला नेऊन चिकटवत होती, आणि आपलं नाव चिकटलं की मीटिंगच्या खोलीतला जो तो खुर्चीत जरा सैलावत होता. कंपनीची जुनी कामं संपत आली होती. सॉफ्टवेअर माइंड मॅपचा प्लॅन बनवतं तेव्हा फांदीला जोडलेली नावंच पुढे जातात. जो या प्लॅनमध्ये आला तो कंपनीत राहिला. जो सुटला, त्याला द्यायला दुसरं कामच नव्हतं.

छोटी हे काही तिचं नाव नव्हे. ती नोकरीला लागली तेव्हा काकांनी गमतीत ठेवलेलं, आणि आता ती या प्रकल्पाची प्रमुख झाली तरी कुणाच्या तोंडातून ते जात नव्हतं.

परवानग्या म्हणजे काका, असं अख्खं ऑफिस धरून चाललं होतं. काकाही. ते आरामात पाय पसरून बसले होते. छोटीने 'परवानग्या'ला टेबलाच्या टोकाला बसलेल्या नव्या मुलीचं नाव जोडलं, तेव्हा काकांचे पाय हळूच खुर्चीखाली गेले.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालंच, साहेब," छोटी म्हणाली.

भिंतभर पडदा, तो फुगा न दिसायला काय झालं! पण वीजवाला पेनाचं टोपण काढत-घालत बसला, खरेदीवाल्याला आपला रिकामा कप फार बघण्यासारखा वाटू लागला, आणि नव्या मुलीने खाली घातलेली मान वर केलीच नाही. आपलं नाव आत्ता कुठे चिकटलंय, ते कशाला हलवून घ्या? छोटीही मुद्दाम थांबली. तिला ही शांतता हवीच होती, चांगली लांबलचक हवी होती.

शेवटी काकाच खाकरले. "छोटे, अगं माझा फुगा राहिला की."

"अगंबाई, हो की!" ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की साहेबांनी मान वर केली. "कुठे लावू, काका? तुम्हीच सांगा."

काकांनी सगळ्या फांद्यांवरून नजर फिरवली. "विजेला लाव."

"माझ्याकडे माणसं भरलीत हो, काका," वीजवाला पेनाशी बोलला.

"मग खरेदी."

खरेदीवाल्याने नुसतेच खांदे उडवले.

"तुझ्या हाताखाली घे मग," काका हसत म्हणाले, पण ते हसू त्यांच्या तोंडावर बसेना. "मला काय, कुठेही चालेल."

छोटीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढ्यासाठीच तर तिने आजवर डूख धरला होता.

"कशाला आता दगदग, काका?" ती म्हणाली. "तुम्ही मोकळे! घरी नातू आहे, मजा करा."

दोघेतिघे हसले आणि मध्येच थांबले. वाक्य ओळखीचं होतं. याच खोलीत काकांनी ते छोटीला ऐकवलं होतं, ती बाळंतपणाची रजा संपवून पहिल्याच दिवशी आली तेव्हा. फक्त नातवाच्या जागी बाळ होतं. माऊस तेव्हा काकांच्या हातात होता. त्यानंतर तिने मागच्या खोलीत बसून जुन्या फायली स्कॅन केल्या आणि रोज दुपारी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तेव्हा हसलेली तोंडंही हीच. तीही तिच्या पक्की लक्षात होती, पण आज त्यांची पाळी नव्हती.

काकांना सगळं आठवलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "मुलाची नोकरी गेलीय गं," ते हळू आवाजात म्हणाले. "घर माझ्यावर चाललंय. असं नको करूस, छोटे."

"माझं नाव काय, काका?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या लॅपटॉपच्या वायरीची गुंडाळी करत होते. 'काकांचं काय करायचं ते तूच बघ,' असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. मग काकांनी छोटीचं खरं नाव घेतलं, आडनावासकट, आणि पुढे मॅडमही लावलं. सगळ्यांनी ते ऐकलं.

"बरोबर," छोटी म्हणाली आणि तिने 'प्लॅन तयार करा'वर क्लिक केलं.

सॉफ्टवेअरने विचारलं: एक फुगा कुठेच जोडलेला नाही, तो वगळून पुढे जायचं?

तिने 'हो' दाबलं.

फुगे मिटले, फांद्या मिटल्या, त्यांच्या जागी कामांच्या आणि तारखांच्या ओळी भराभर उतरल्या. लगेच टेबलावरचे फोन वाजायला लागले. ज्याचं काम त्याच्या फोनवर. वीजवाल्याचा वाजला, खरेदीवाल्याचा वाजला, नव्या मुलीचा तर थांबायलाच तयार नव्हता. पश्चात्ताप वगैरे काही छोटीला झाला नाही. काळजाला थंडावा मिळाला म्हणतात तो तिला खरोखर मिळाला होता.

काकांनी खिशातून आपला फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग अंगठ्याने बाजूचं बटण दाबत दाबत आवाज पूर्ण मोठा केला, आणि फोन समोर टेबलावर ठेवून ते बसून राहिले.