फुकट्या

लेकीनं खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी दगड आणला, तर त्याच्या भोकात लपून एक काटेरी किडाही घरात शिरला. बापलेक रोज कोळंबीचा तुकडा टाकून, चिमटा घेऊन टपून बसायचे. किडा तुकडा पळवून पसार!

"फुकट्या मेला! ना भाडं, ना डिपॉझिट, वर आयतं जेवण!" बाबा चरफडायचे आणि लेक खो खो हसायची.

लेक तापानं गेली. मग एकेक करून मासेही गेले. आज ओस पडलेली टाकी न्यायला दुकानदार आला. पाणी उपसताना किडा अलगद त्याच्या चिमट्यात आला.

"सापडला बघा काका तुमचा चोर! फेकू?"

बाबांनी लगबगीनं त्याच पाण्यानं भरलेली वाटी पुढे धरली.

"नको रे. तिनं आणलेल्यांपैकी हा एवढाच जिवंत आहे."