चेंडू चुकवण्याचा प्रयत्न

चेंडू जागृतीच्या डाव्या कोपरावर बसला आणि त्याचा आवाज पार बाकांपर्यंत गेला. बॅट टाकून ती पहिल्या बेसकडे निघालीसुद्धा.

"थांब," मागून अंपायर म्हणाले. "चुकवायचा प्रयत्न दिसला नाही. बेस नाही. नुसता बॉल."

अंपायर म्हणजे तिचे वडील, शहाजी मोहिते.

वाशीच्या मैदानावर जिल्ह्याची सॉफ्टबॉलची फायनल चालली होती. शेवटचा डाव, जागृतीचा जुईनगरचा संघ एका रनने मागे, दोघी आउट, तिसरी झाली की खेळ संपला; तिन्ही बेसवर मुली उभ्या, आणि जागृतीचे दोन स्ट्राइक आधीच झालेले. तिला बेस मिळाला असता तर तिसऱ्या बेसवरची मुलगी होमला पोचून बरोबरी झाली असती, आणि तिच्यामागून श्रुती खेळायला येणार होती, संघातली सगळ्यात जोरकस मारणारी. जिंकणारा संघ शनिवारी राज्य स्पर्धेसाठी नागपूरला निघणार होता. राज्याचं सर्टिफिकेट हाती आलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज भरता येतो, या एका आशेवर जागृतीने दोन वर्षं काढली होती.

नियम तसा साधा आहे. अंगावर चेंडू बसला की बेस फुकट, पण बाजूला व्हायचा प्रयत्न करायला हवा. मुद्दाम अंग पुढे करून उभं राहिलं तर बेस मिळत नाही, तो नुसता चुकीचा टाकलेला चेंडू, म्हणजे 'बॉल', धरतात. आणि प्रयत्न केला की नाही, ते अंपायरने ठरवायचं. त्यावर कुणाचं काही चालत नाही.

"पप्पा, मी मागे सरले!"

"मैदानावर पप्पा नाही. बॅट उचल."

तिने उचलली. कोपरापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या होत्या. पुढचा चेंडू अगदी मारण्यासारखा आला, आणि तिने बॅट फिरवली ती हवेतच. तिसरा स्ट्राइक, म्हणजे तीही आउट. खेळ खलास.

समोरच्या संघाचे कोच धर्मराज सर धावत आले ते आपल्या मुलींकडे नाही, शहाजींकडे. "मानलं सर तुम्हाला! पोटची पोरगी, तरी हूं का चूं नाही. दुसरा कोणी असता तर डोळे झाकून बेस दिला असता."

शहाजींनी मास्क काढून घाम पुसला. "नियम आहे, सर."

त्यांचा लौकिकच तसा. स्वतः पीटीचे शिक्षक, पण आपल्याच शाळेविरुद्ध निकाल देताना त्यांचा हात कधी कचरला नाही. एरवी जागृतीच्या मॅचला ते अंपायर म्हणून उभेच राहत नसत, उगाच कुणी बोट दाखवायला नको. या वेळी मात्र विचारल्याबरोबर हो म्हणाले, आणि समोरच्या संघानेही आनंदाने मान डोलावली. जागृतीला तर केवढा हुरूप आला होता! एवढी मोठी मॅच पप्पा दोन हातांवरून बघणार.

ती बूट सोडत असताना समोरच्या संघाची, बॅट धरणारीच्या मागे बसणारी कॅचर मीना शेजारी येऊन टेकली. "ए, टेन्शन नको घेऊ. पण मला वाटलं तू सरकलीस. माझ्या पायावरच आलीस ना यार."

"पप्पांना दिसलं नाही म्हणजे नसेनच सरकले," जागृती म्हणाली.

तिला रडू येत होतं, आणि त्यातच वडिलांचा अभिमानही वाटत होता. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी करणारा बाप सगळ्यांच्या नशिबी नसतो. पोरीच्या हातचा घास गेला तरी चालेल, पण नियम मोडणार नाही, असा माणूस. घरी पोचेपर्यंत ती मनाला हेच समजावत होती.

घरी आल्या आल्या शहाजी अंघोळीला गेले. पुतळाबाईंनी हळद गरम करून लेकीच्या कोपराला लावायला घेतली.

"लई दुखतंय का गं?"

"दुखू दे. नागपूर गेलं, आई."

"जाऊ दे. एका परीनं बरंच झालं म्हणायचं. रविवारी कऱ्हाडचे पाहुणे यायचेत तुला बघायला."

जागृतीने हात मागे घेतला. "हे कधी ठरलं?"

"सोमवारीच की. मी म्हणत होते, आधी मॅच होऊ द्या, पोरगी जिंकली तर नागपूरला जाईल, मग पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं?" पुतळाबाईंनी तिचा हात पुन्हा जवळ ओढला. "पण तुझ्या पप्पांनी त्याच दिवशी खालच्या एसटीडीवरून फोन लावला. म्हणाले, खुशाल या, पोरगी घरीच असेल."