आपांच्या शेजारी

"रांगेत फट ठेवली की सैतान घुसतो म्हणे. आपांच्या शेजारी तर दोन सैतान ऐसपैस मावतील," उन्हाळी शिबिरातली नवी मुलगी नमाजाच्या चटईवर पुटपुटली. जुन्या मुलींनी डोळे वटारले, एकीने तर चिमटाच काढला. दरवर्षी येणाऱ्या या पोरी यंदा आपांच्या उजव्या हाताची जागा कुणी न सांगता सोडत होत्या, आणि एरवी खांद्याला खांदा भिडवायला लावणाऱ्या, शिबिरभर मुलींना सांभाळणाऱ्या आपा पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या.

आज मात्र त्या वळल्या. नव्या मुलीला हात धरून त्यांनी जवळ घेतलं.



"ये, इथे उभी राहा," आपा म्हणाल्या. "ही माझ्या लेकीची जागा होती. ती वारली, बाळा."