मागच्या फाटकाशी रिक्षा

“अर्पे, चल गं, शेळी व्यालीय. करडू दाखविते तुला.” झुंबरबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि एक हात पुढं केला.

सात वर्षांची अर्पिता पिठलं-भाकरी खात बसली होती. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

“कोण चाललंय?” तिनं विचारलं.

“कोण न्हाई गं बाई. कोण जाणार? लई सुंदर हाय करडू, पांढरंशुभ्र.”

“मोर दाखविला तवा दैवशालाताई गेल्ती. बोअरची गाडी दाखविली तवा राजानंददादा गेल्ते. मी वापस आले तर कोणच न्हवतं.”

झुंबरबाईचा हात तसाच राहिला. परतूरजवळच्या या बालगृहात ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती, आणि ही युक्ती तिचीच. तिची तरी कसली म्हणा, घरोघरचीच. घरी आलेली मावशी निघाली की लेकराला परसात न्यायचं, गाय दाखवायची, चिमणी दाखवायची, तेवढ्यात मावशीनं सटकायचं. लेकरू येतं, दोन मिनिटं भोकाड पसरतं, आईच्या कुशीत शिरतं की विसरून जातं. इथं शिरायला आई नाही, एवढी साधी गोष्ट बारा वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. अशीच काही महिने राहून दैवशालाताई गेली तेव्हा ही पोर रडलीसुद्धा नाही. नुसती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. सगळे म्हणाले, बघा, किती शहाणी आहे.

शेजारी कोठीच्या खोलीत, दाराआड, पाठीवर भलीमोठी बॅग लावून लुशीताई उभी होती. स्पेनहून लेकरांसाठी काम करायला आलेली लूसिया. लेकरांनी पहिल्याच आठवड्यात तिची लुशीताई करून टाकली. चार महिने लेकरांच्या वेण्या घालता घालता ती मराठी शिकली, तीही त्यांचीच. आता परतूरहून मुंबईची गाडी, मग विमानानं नेपाळ, आणि तिथल्या अनाथालयात आणखी चार महिने. मागच्या फाटकाशी रिक्षावाला भारत येऊन थांबला होता. ‘रडारड नको, गुपचूप निघा,’ असं झुंबरबाईनं सकाळीच बजावलं होतं, आणि हिनं मान डोलावली होती. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. देशोदेशी एकटी हिंडणारी बाई, पण एका पोरीच्या तोंडाकडं बघायची छाती नव्हती.

“ताई, चला जल्दी,” भारत खिडकीतून कुजबुजला. “गाडी काय आपल्यासाठी थांबायची न्हाई.”

लुशीताईनं दाराआडून अर्पिताचं सगळं ऐकलं होतं. तिनं बॅग उतरवली आणि ती जेवणाच्या शेडमध्ये आली. अर्पिताच्या समोर फरशीवर बसली.

“मी चालले,” ती म्हणाली.

“दिवाळीला येणार हैत ताई!” झुंबरबाई घाईघाईनं मध्ये पडली. “फटाके घेऊन येणार हैत. व्हय ना ताई?”

अर्पितानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती लुशीताईकडं बघत होती.

“येणार?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सगळ्यांचं भागलं असतं. रिक्षा निघाली असती, भाकरी संपली असती, आणि दिवाळीला ही पोर फाटकाशी जाऊन उभी राहिली असती. लुशीताईला ते दिसलं. आणि गोल गोल बोलण्याएवढी मराठी तिला येतही नव्हती.

“न्हाई,” ती म्हणाली. “मी न्हाई येणार.”

“अगं बाई, काय हे!” झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. “लेकराला असं तोंडावर सांगतेत का कुठं?”

अर्पिता उठली. दोन्ही मुठी वळून तिनं लुशीताईच्या खांद्यावर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजायचं कारणच राहिलं नाही. लुशीताईनं हात धरला नाही. मारता मारताच पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिनं असा हंबरडा फोडला की शेडच्या दुसऱ्या टोकाची पोरं घास हातात धरून बघत राहिली. ती रडली ती लुशीताईच्याच मांडीवर पडून, तिच्याच ओढणीला नाक पुसत, तिलाच लाथा झाडत. लुशीताईही रडत होती. झुंबरबाई आधी “गप, गप” म्हणत होती, मग तीच भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून बसली. बाहेर भारतनं दोनदा हॉर्न दिला आणि आतलं ऐकून बंद केला.

थोड्या वेळानं अर्पिता उठून बसली. हुंदके अजून येत होते.

“कुठं चालली?”

“नेपाळ.”

“तिथं काय हाय?”

“लेकरं.”

“आमच्यावानी?”

“हो.”

अर्पिता लुशीताईमागं कोठीत गेली. मग बॅगेचा एक पट्टा तिनं धरला, एक लुशीताईनं. दोघी मागच्या फाटकापर्यंत ओढत ओढत ती घेऊन गेल्या. झुंबरबाई मागून आली. पोरीला आत न्यायला तिनं हात पुढं केला नाही.

बॅग चढली, लुशीताई बसली. भारतनं रिक्षा चालू केली तशी अर्पितानं रिक्षाची दांडी पकडली.

“ताई, तिथल्या लेकरांना पहिल्याच दिवशी सांग.”

“काय सांगू?”

“कवा जाणार ते. मंग तवर नीट खेळता येतं.”